लिनक्स संगणक सुरू होत नाही तेव्हा : दोषशोधाचा क्रम

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना मध्येच थांबतो, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दाखवून अडून बसतो किंवा पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होतो. या सर्वांना सरसकट 'बूट न होणे' असे म्हटले जाते. परंतु तो एक दोष नसून अनेक भिन्न दोषांचे बाह्य लक्षण आहे. बहुतेक प्रसंगी बिघाड केवळ प्रणाली सुरू करणाऱ्या साखळीत असतो आणि कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब डिस्कवर जसेच्या तसे असतात. घाईघाईने प्रणाली नव्याने बसवताना डिस्क पुसली गेली, की दुरुस्त होऊ शकणारा बिघाड कायमच्या हानीत बदलतो. म्हणूनच आधी निदान, मग माहितीची प्रत आणि शेवटी दुरुस्ती, हा क्रम पाळणे आवश्यक ठरते.

प्रारंभाची साखळी

वीज मिळताच मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते. जुन्या यंत्रांत ते बायोस असते, नव्यांत यूईएफआय. ते स्मृती, कळफलक, डिस्क यांची तपासणी करून बूटलोडरकडे सूत्रे सोपवते. बहुतेक वितरणांत हा बूटलोडर म्हणजे ग्रब. ग्रब लिनक्सचे कर्नल आणि त्यासोबतची इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती प्रणाली स्मृतीत आणतो. कर्नल मूळ पार्टिशन जोडतो आणि पुढचा कारभार सिस्टमडीच्या हाती जातो. उबुंटू, फेडोरा, डेबियन तसेच डेबियनवर आधारलेली सी-डॅकची बॉस लिनक्स या सर्वांत हाच क्रम आढळतो. साखळी कोठे तुटली, हे पडद्यावरील शेवटच्या ओळी सांगतात. त्यांचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवावे.

लक्षणांवरून निदान

पडदा पूर्ण अंधारात राहिला व बीपचे आवाज आले, तर दोष यंत्रातच असतो. वीज काढून रॅमची पट्टी बाहेर काढावी, संपर्कपट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून ती पुन्हा नीट बसवावी. दमट हवेत हे संपर्क खराब होण्याचा संभव अधिक असतो.

'बूट करण्याजोगे साधन नाही' असा संदेश आल्यास फर्मवेअरच्या पटलात डिस्क दिसते का, ते पाहावे. दिसत नसल्यास केबल सैल झालेली असते किंवा डिस्क निकामी झालेली असते. डिस्क दिसते, पण तारीख-वेळ मागे गेली आहे, असे आढळल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असावा. तो संपला की बूटचा क्रमही मूळ स्थितीला जाऊ शकतो.

'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द दिसले, तर ग्रबचा पहिला अंश चालला, परंतु उरलेल्या फाइली त्याला सापडल्या नाहीत. पार्टिशन पुसणे किंवा त्यांची रचना बदलणे हे याचे नेहमीचे कारण.

मेनू दिसून पुढे 'कर्नल पॅनिक' येत असेल आणि मूळ पार्टिशन जोडता येत नसल्याचा उल्लेख असेल, तर अद्ययावतीकरण अर्धवट राहिल्याची शक्यता मोठी. बूट पार्टिशन भरल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस तयार झालेली नसते. अशा वेळी मेनूतील प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नल निवडावे. मेनू लपलेला असल्यास बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावी, यूईएफआयवर एस्केप दाबावी. प्रणाली सुरू झाली, की जुनी कर्नले काढून जागा करावी व इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी.

'इनिटरॅमएफएस' असे लिहिलेली आज्ञेची ओळ येऊन थांबणे, हे अनेकदा अचानक वीज गेल्याने फाइल व्यवस्थेत झालेल्या विसंगतीचे चिन्ह असते. संदेशात दिलेल्या पार्टिशनवर एफएससीके ही आज्ञा चालवून ती दूर करता येते. मात्र जोडलेल्या पार्टिशनवर ही आज्ञा कधीही चालवू नये.

दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीची अवस्था आल्यास एफएसटॅब फाइल तपासावी. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद तीत राहिलेली असते. बाह्य डिस्कच्या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय घातल्यास पुढे अडथळा येत नाही.

मेनूनंतर पडदा काळाच राहिला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहावे आणि एफ-१० दाबावी. हा बदल तेवढ्या एकाच वेळेपुरता असतो. योग्य ड्रायव्हर बसवणे हाच कायमचा उपाय.

शेजारी विंडोज असेल तर

एकाच यंत्रावर दोन प्रणाली असल्यास विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर बूटचा क्रम बदललेला आढळू शकतो. फर्मवेअरमध्ये लिनक्सची नोंद वर आणली की काम होते. ऑगस्ट २०२४मधील विंडोजच्या सुरक्षा अद्ययावतीकरणाने मात्र जुने बूटलोडर अमान्य ठरवले आणि दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करणे, हा त्यावरचा मार्ग ठरला. सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती किल्ली जवळ ठेवावी.

लाइव्ह यूएसबीचा उपयोग

वरील उपाय थकल्यास दुसऱ्या संगणकावर लाइव्ह यूएसबी तयार करून बिघडलेले यंत्र तिच्यावरून सुरू करावे. या वेळी 'बसवा' हा पर्याय न निवडता 'वापरून पाहा' हाच निवडावा. डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहावा आणि महत्त्वाच्या फाइली बाह्य डिस्कवर उतरवून घ्याव्यात. अहवाल वाईट असल्यास दुरुस्तीच्या भरीस न पडता डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. मरणासन्न डिस्कवर एफएससीके चालवणे घातक ठरते.

डिस्क निरोगी असल्यास मूळ पार्टिशन, तसेच वेगळी असल्यास बूट व ईएफआय पार्टिशने जोडावीत. सांकेतिक कुलूप असलेले पार्टिशन आधी उघडावे लागते. त्यानंतर डेव्ह, प्रॉक व सिस या निर्देशिका जोडून सीएचरूटने जुन्या प्रणालीत प्रवेश करावा, ग्रब पुन्हा बसवावा आणि त्याचा मेनू नव्याने तयार करावा. मूळ प्रणाली यूईएफआय पद्धतीने बसवलेली असेल, तर लाइव्ह यूएसबीही त्याच पद्धतीने सुरू केलेली असावी. येथेच अनेकांची चूक होते.

प्रतिबंध

पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे यूपीएस ही चैन नसून गरज आहे. अद्ययावतीकरण चालू असताना यंत्र बंद करू नये, किमान एक जुने कर्नल राखून ठेवावे आणि एक लाइव्ह यूएसबी खणात तयार असावी. या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे यंत्राबाहेर ठेवलेली माहितीची प्रत. ती असेल, तर बूट न होणारा संगणक हा फार तर एका दुपारचा खोळंबा ठरतो.