सर एडवर्ड हेन्री आणि एक हजार चोवीस कप्पे

आपल्याकडे आजीबाई मुलाचीं बोटें उजेडांत धरून त्यांवर शंख किती नि चक्रें किती तें मोजतात व त्यावरून त्याचें भाग्य वर्तवितात. हीच मोजणी माणसाचें पूर्ववृत्त शोधण्याच्या कामीं ज्यांनीं आणली, त्या सर एडवर्ड हेन्री यांचें चरित्र मोठें विचार करण्याजोगें आहे.

हेन्री यांचा जन्म १८५० सालीं लंडनमध्यें झाला. १८७३ सालीं सनदी नोकर म्हणून ते बंगालमध्यें आले व १८९१ सालीं त्या प्रांताच्या पोलिसखात्याचे मुख्य झाले. जुना गुन्हेगार नांव बदलून पुन्हां कोर्टापुढें उभा राहिला, तर त्यास ओळखावें कसें, हा त्या वेळचा बिकट प्रश्न. फ्रान्समधील बर्तियों यांच्या रीतीप्रमाणें कैद्यांच्या शरीराचीं मापें घेत. पण तींच मापें दुसऱ्या कारकुनानें घेतलीं कीं जुळत नसत. बोटांचे ठसे ही अधिक खात्रीची खूण आहे, हें गाल्टन यांनीं १८९२ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें होतें. अडचण होती ती निराळीच. हजारों कागदांच्या ढिगांतून हवा तो कागद काढावा कसा?

याचें उत्तर साध्या अंकगणितांत निघालें. दहा बोटांच्या पांच जोड्या करावयाच्या. जोडींतील प्रत्येक बोटावर चक्र आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. म्हणजे एका जोडीचे प्रकार चार, आणि पांचही जोड्यांचे मिळून १,०२४. तितके कप्पे केले कीं शोध एका कप्प्यापुरता उरतो. हें गणित बसविलें तें हेन्री यांच्या हाताखालील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन बंगाली सब-इन्स्पेक्टरांच्या साहाय्यानें. हक तर कलकत्त्यास गणित शिकूनच नोकरींत आलेले. १८९७ सालीं हिंदुस्थान सरकारनें ही पद्धत मान्य केली व कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली.

पुढील उत्कर्ष झपाट्याचा आहे. १९०० सालीं हेन्री यांचा ग्रंथ निघाला, १९०१ सालीं त्यांनीं स्कॉटलंड यार्डांत ठशांची शाखा काढली, आणि १९०३ सालीं ते लंडनचे पोलीस कमिशनर झाले. १९०५ सालीं डेटफर्डच्या खुनांत पैशांच्या पेटीवरील आंगठ्याचा ठसा कोर्टांत पुढें आला आणि स्ट्रॅटन बंधू फांशीं गेले.

स्वभावानें हा गृहस्थ उदार. १९१२ सालीं मोटार हांकण्याचा परवाना न मिळालेल्या एका तरुणानें त्यांच्या दारांतच त्यांवर गोळ्या झाडल्या. हेन्री यांनीं कोर्टांत त्याच्यासाठीं दयेची विनंती केली, आणि तो सुटल्यावर कॅनडास जाण्याचें भाडेंहि दिलें! पण युद्धकाळच्या महागाईनें गांजलेल्या, संघ स्थापूं पाहणाऱ्या आपल्याच शिपायांचें गाऱ्हाणें त्यांस वेळेवर ऐकूं आलें नाहीं. ऑगस्ट १९१८ अखेर हजारों शिपायांनीं संप केला, आणि हेन्री यांस राजीनामा द्यावा लागला.

हक यांस १९१३ सालीं खानसाहेब ही पदवी मिळाली. बोस पुढें रायबहादूर झाले. १९२६ सालीं, म्हणजे ग्रंथानंतर सव्वीस वर्षांनीं, हेन्री यांनीं लेखी कळविलें कीं, ही पद्धत पूर्णत्वास नेण्यांत आपल्या मदतनिसांपैकीं हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. इतकें स्पष्ट लिहिणारे साहेब थोडेच. परंतु तोंवर देशोदेशींच्या कचेऱ्यांत ती ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच रुळून गेली होती.