पाया घालायची तेरा वर्षं

ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे ‘ॲक्ट’, शिकवताना बहुतेक जण ती घडवणाऱ्या स्टीव्हन हेज यांच्या पॅनिक अटॅकपासून सुरुवात करतात. गोष्ट चटका लावणारी आहे आणि ती लक्षातही राहते. माझ्या समुपदेशनाच्या वर्गात मी मात्र कबुतरांपासून सुरुवात करते. ही उपचारपद्धती एका माणसाला एका रात्री सुचली असं एकदा डोक्यात बसलं, की तिच्यामागे प्रयोगशाळेतली किती वर्षं गेली आहेत ते कुणी बघायलाच जात नाही.

तर कबुतर. त्याच्यासमोर एक कळ असते. ठरावीक वेळ उलटल्यावर कळीवर जी पहिली चोच पडेल तिला दाणा मिळतो. त्याआधी कितीही चोची मारल्या तरी हाती काही लागत नाही. कबुतर हे लवकर शिकतं. दाणा टिपल्यावर थोडं थांबतं आणि वेळ जवळ येईल तसा चोचींचा वेग वाढवत नेतं. मोठ्या माणसाला बटण दाबून गुण मिळवायला बसवलं तर तो असं करत नाही. कुणी एकसारखं बटण दाबत सुटतो, तर कुणी मनात आकडे मोजून नेमक्या वेळी एकदाच दाबतो.

१९८०च्या दशकात वेल्समधल्या बँगॉरला फर्गस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग अजून बोलायला न लागलेल्या तान्ह्या बाळांवर केला. बाळं थेट कबुतरांसारखी वागली. पाच वर्षांपुढची मुलं मोठ्या माणसांच्या वळणावर गेली. मधल्या काळात त्यांना भाषा आली होती. समोर काय घडतंय यापेक्षा आपण स्वतःला काय बजावलंय, त्यावर त्यांचं वागणं ठरू लागलं होतं.

हेज तेव्हा अमेरिकेत, ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, याच प्रश्नावर काम करत होते. बटण कधी जलद आणि कधी सावकाश दाबायचं, हे ते विद्यार्थ्यांना आधी सांगत आणि नंतर गुण मिळणंच बंद करत. सूचनेवर चाललेली मुलं गुण बंद झाल्यावरही तशीच दाबत राहायची. १९८६ साली हे निष्कर्ष छापून आले. मला ते वाचताना दर वेळी माझ्यासमोर बसणारी माणसं आठवतात. ‘गर्दीत गेलं की मला काहीतरी होणार’ हा नियम एकदा पक्का झाला, की गर्दीत काहीही न होता गेलेले दिवस हिशेबात धरलेच जात नाहीत.

आता ती पॅनिकची गोष्ट. १९७८ साली विभागाच्या एका बैठकीत प्राध्यापकांची भांडणं जुंपली होती. हेज यांना मध्ये बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पुढची दोन-तीन वर्षं ते या भीतीशी झगडत राहिले आणि झगडतील तशी ती वाढत गेली. एका रात्री दोनच्या सुमारास आपल्याला हृदयविकाराचा झटका येतोय अशी त्यांची खात्री झाली होती. खोलीतल्या गालिच्यावर बसून त्यांनी ठरवलं, की यापुढे आपण स्वतःपासून पळायचं नाही. दिवसा प्रयोगशाळेत ते ज्या नियमांचा अभ्यास करत होते, तसल्याच एका नियमाने त्यांना घेरलं होतं. ही गोष्ट मला मोलाची वाटते ती एवढ्यासाठी, की हे ओळखायची साधनं त्यांच्या हाताशी आधीपासून होती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या उपचाराचं नाव वेगळं होतं, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह डिस्टन्सिंग’. ॲरन बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपीत विचाराकडे जरा अंतरावरून बघायला शिकवतात. तोच धागा पकडून तो टोकापर्यंत नेला होता. हेज यांचे विद्यार्थी रॉबर्ट झेटल यांनी नैराश्यावर एक छोटी चाचणी केली. ती १९८६ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात नवी पद्धत कॉग्निटिव्ह थेरपीपेक्षा सरस ठरली.

अशा वेळी कुणीही पुस्तक काढलं असतं, कार्यशाळा लावल्या असत्या. हेज त्याच वर्षी नेवाडातल्या रीनोला गेले आणि त्यांनी उपचाराच्या चाचण्या जवळजवळ थांबवल्या. ही पद्धत चालते असं दिसत होतं, पण ती का चालते हे सांगता येत नव्हतं. पुढची वर्षं भाषेचं कोडं सोडवण्यात गेली. मरी सिडमन यांनी १९७१ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलाला ऐकलेल्या शब्दाशी छापील शब्द जुळवायला शिकवलं होतं; ऐकलेल्या शब्दाशी चित्र जुळवणं त्याला आधीपासून येत होतं. चित्र आणि छापील शब्द यांची जोडी कुणी न शिकवता तो आपोआप लावू लागला. माणसाचं मन न शिकवलेली नातीही जोडत जातं, दुःखाचीसुद्धा. त्यावरून ‘रिलेशनल फ्रेम थिअरी’ उभी राहिली. ॲक्टचं पहिलं पुस्तक हेज, कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांनी १९९९ साली काढलं, म्हणजे तेरा वर्षांनी. माझ्या मते ॲक्टच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

आपल्याकडे या सुमारास अल्बर्ट एलिस घरोघरी पोहोचले होते. कि. मो. फडके यांनी एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी माणसाला इतका समजावून दिला, की ‘अविवेकी समजूत’ हे शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रुळले. माझीही घडण त्याच शाळेतली आणि ती शिदोरी मी टाकलेली नाही. पण काही जणांशी वाद घालून समजूत खोडून काढली, तरी छाती धडधडायची थांबत नाही. (पुढचं उदाहरण ओळख पटणार नाही इतकं बदलून देते.) एक बाई एसटीत बसायला घाबरायच्या, त्यामुळे माहेर सुटलं होतं. त्या म्हणायच्या, “ताई, आधी ही धडधड जाऊ दे, मग जाईन.” मी विचारलं, “आणि नाहीच गेली तर?” बराच वेळ त्या गप्प होत्या. मग आईबद्दल बोलू लागल्या. तिला आता दिसत नाही, हाताने चाचपून ओळखते म्हणाल्या. मग आम्ही धडधडीचा विषय बाजूला ठेवला आणि आईकडे जायचं कसं, त्याची आखणी केली. पहिल्या दिवशी फक्त स्टँडवर जाऊन बसायचं, दुसऱ्या खेपेला पुढच्या थांब्यापर्यंत. धडधड सोबत होतीच.

२००२ साली पॅट्रिशिया बाख आणि हेज यांनी भास-भ्रम असलेल्या, मनोरुग्णालयात दाखल ८० रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर ॲक्टची फक्त चार सत्रं मिळाली. पुढच्या चार महिन्यांत त्यांच्यातल्या पुन्हा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्मं होतं. शिवाय ‘आवाज ऐकू येतात’ हे याच रुग्णांनी जास्त मोकळेपणाने कबूल केलं. त्या आवाजांवरचा विश्वास मात्र घटला होता. लक्षणं मोजून उपचाराचा निकाल लावायची आमची सवय या अभ्यासाने हलवली.

शंका घेणारेही होते, आणि असायलाच हवेत. स्वीडनचे लार्स-योरान अस्त यांनी २००८ साली या चाचण्यांच्या ढिलाईवर नेमकं बोट ठेवलं. २०१५च्या एका आढाव्यात ३९ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा ॲक्ट नेहमीच्या देखभालीपेक्षा चांगली आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीच्या तोडीची दिसली, तिच्या वरचढ नाही. मला एवढं पुरेसं वाटतं.

मग युगांडाच्या उत्तरेला ऱ्हायनो कॅम्प. दक्षिण सुदानमधल्या युद्धातून पळून आलेल्या बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ॲक्टवर आधारलेला ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा कार्यक्रम तिथे आजमावला. दोन-दोन तासांची पाच सत्रं, सगळी जुबा अरबीत ध्वनिमुद्रित केलेली, आणि सोबत चित्रांचं पुस्तक. सत्र चालवणाऱ्या तिथल्याच, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बायका, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. १४ वस्त्यांमधल्या ६९४ स्त्रिया या चाचणीत होत्या. २०२०च्या अहवालाप्रमाणे तीन महिन्यांनंतरही कार्यक्रम मिळालेल्या गटाचा मानसिक त्रास तुलनेने कमी होता. उपचार का चालतो हे आधी शोधलं होतं, म्हणूनच तो तज्ज्ञाच्या हातून सोडवून एका ध्वनिफितीत ठेवता आला. त्याच वर्षी ते चित्रांचं पुस्तक संघटनेने सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं.

ते पुस्तक मला आमच्या माण तालुक्यातल्या आशाताईंच्या गटात वापरून बघायचं आहे. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवायची व्यवस्था आधी लावावी लागेल. त्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे आम्ही ठरवलंय. ध्वनिमुद्रण प्रमाण मराठीत करायचं की माणदेशी बोलीत, आणि आवाज बाहेरच्या कुणाचा की त्यांच्यातल्याच एखादीचा, यावर अजून एकमत होत नाही. मी बोलीच्या बाजूने आहे.