कोटा–मालेरी थरांचा सहसंबंध

जुरासिक काळातील (सु. २० ते १४·५ कोटी वर्षांपूर्वीच्या) गाळाच्या खडकांचे थर बुलढाणा जिल्ह्यात कोठेही उघडे पडलेले नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाचा प्रदेश सोडल्यास जिल्ह्याचा बहुतेक भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टाने झाकलेला असून लोणारचे विवरही ह्याच खडकात आहे. महाराष्ट्रातील जुरासिक थर पाहण्यासाठी राज्याच्या आग्नेय टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळ प्राणहितेच्या डाव्या काठी असलेल्या कोटा ह्या गावी जावे लागते. तेथील थरांचा तेलंगणातील मालेरीच्या थरांशी असलेला संबंध निश्चित होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

दूरदूरच्या ठिकाणी आढळणारे थर एकाच काळातील आहेत की नाहीत हे ठरविणे, म्हणजे त्यांचा सहसंबंध लावणे होय. कच्छमधील जुरासिक थर सागरी असून त्यांत अमोनाइटांचे जीवाश्म विपुल आहेत. त्यांच्या आधारे व्हागेन यांनी १८७३–७५ मध्येच तेथील थरांचा युरोपातील थरांशी मेळ घातला. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील थर मात्र नद्या व सरोवरे यांत साचलेले आहेत. निरनिराळ्या काळांतील तांबडी माती व वालुकाश्म तेथे एकसारखेच दिसतात आणि त्यांवर शेतजमीन व जंगल पसरलेले असल्याने थर सलग पाहावयास मिळत नाहीत.

कोटा येथील चुनखडकातील माशाला एजर्टन यांनी १८५१ मध्ये ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असे नाव दिले. हा मासा युरोपातील जुरासिक माशांच्या जवळचा होता. नागपूरचे मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. मालेरीचे जीवाश्मही हिस्लॉप यांनीच उजेडात आणले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. मालेरी येथील सेरॅटोडस माशाच्या दातांचे वर्णन टॉमस ओल्डॅम यांनी १८५९ मध्ये केले. पुढे तेथेच हायपरोडॅपेडॉन ह्या सरीसृपाचे अवशेष ओळखले गेले. हा प्राणी ट्रायासिक काळातील होय.

अशा रीतीने मासे जुरासिक, तर सरीसृप ट्रायासिक असा पेच निर्माण झाला. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात दोन्ही थर ‘कोटा–मालेरी’ ह्या एकाच गटात ठेवले. उपलब्ध पाहणी ध्यानात घेता त्यांना दोष देता येणार नाही. परंतु हे जोडनाव रूढ झाल्यामुळे दोन निरनिराळ्या काळांतील प्राणी एकाच यादीत दाखविले जाऊ लागले.

हा गुंता प्रयोगशाळेपेक्षा प्रत्यक्ष क्षेत्रातील पायपिटीने सुटला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील भूवैज्ञानिकांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून येथे बारकाईने नकाशे तयार केले. टी. एस. कुट्टी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, मालेरी व कोटा एकमेकांना लागून नसून त्यांच्यामध्ये आणखी एक शैलसमूह आहे. त्याला त्यांनी ‘धर्माराम’ हे नाव दिले. ह्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोटा शैलसमूहातून काढलेल्या अजस्र शाकाहारी डायनोसॉराचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण १९७५ मध्ये झाले. त्याच्या मांडीचे हाड सु. १·७ मी. लांब आहे. उत्खनन १९६१ ह्या रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दी वर्षातील असल्याने जातिनामात त्यांचे नाव गुंफले गेले.

मालेरीचा काळ आता उत्तर ट्रायासिक मानला जातो. कोटाविषयी एकमत नाही : मासे पूर्व जुरासिक काळाकडे निर्देश करतात, तर ऑस्ट्रॅकॉड ह्या कवचधारी सूक्ष्म जलचरांच्या आधारे काही संशोधक त्याचा वरचा भाग मध्य जुरासिक काळातील समजतात.