न दाबलेलं बटण

माझी भाची सई इंग्लंडमध्ये बारावीच्या वर्गात मीडिया स्टडीज शिकते. यंदा तिला चार मिनिटांचा एक म्युझिक व्हिडिओ करायचा आहे. पण तिकडची रीत अशी की कॅमेरा हातात घेण्याआधी आपला प्रेक्षक कोण, त्याला काय आवडतं, हे शोधून काढायचं आणि पुराव्यासकट वहीत मांडायचं. म्हणून सईने एक प्रश्नावली केली आणि घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली.

प्रश्न नेहमीचेच. कुठल्या प्रकारचं संगीत आवडतं, व्हिडिओत गोष्ट हवी की नुसता नाच, आठवड्यात किती व्हिडिओ बघता. सुरुवातीला वयाचे चार रकाने. त्यातला शेवटचा '३५ पेक्षा जास्त'. म्हणजे मी आणि माझी ७९ वर्षांची आई एकाच खणात! आईला भारी गंमत वाटली. "बरं झालं, मायलेकी एका वयाच्या झालो," म्हणाली.

मला मात्र तो रकाना दिवसभर टोचत राहिला. त्याला कारण आहे, पण ते नंतर. आधी ही विचारपूस करायची पद्धत आली कुठून, ते सांगते. सईला फोनवर सांगता सांगता मलाच त्यात रस वाटायला लागला.

कीर्तनकाराला समोर कोण डुलक्या काढतंय ते दिसतं. नाटकवाल्याला टाळी ऐकू येते. रेडिओ आला आणि पहिल्यांदाच असं झालं की गाणारा इथे आणि ऐकणारे लाखो लोक कुठेतरी अदृश्य. त्यांना आवडलं की त्यांनी रेडिओ बंद केला, कळणार कसं?

व्हिएन्नाच्या पॉल लाझार्सफेल्ड या तरुण संशोधकाने १९३१-३२ मध्ये तिथल्या रेडिओ कंपनीसाठी श्रोत्यांची मोठी पाहणी केली. लाखाच्या वर श्रोत्यांची मतं गोळा झाली. काय ऐकायला आवडतं, काय जास्त हवं, काय कमी हवं. गंमत म्हणजे हा माणूस समाजवादी. कामगार काय ऐकतो आणि सुखवस्तू घरातला माणूस काय ऐकतो, हा त्याच्या कुतूहलाचा विषय. बेकारीने एका गावाचं काय होतं, यावर त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला मारिएंथालचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वाचला जातो. म्हणजे लोकांना नीट विचारायची ही विद्या साबण खपवायला जन्मली नव्हती. पुढे ती साबणवाल्यांच्या उपयोगी पडली, ही गोष्ट वेगळी.

१९३३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेला गेला. ऑस्ट्रियात पुढच्याच वर्षी समाजवाद्यांचा पाडाव झाला, तो ज्यू होता, परतायचं दारच बंद झालं. १९३७ साली रेडिओ-संशोधनाचा एक मोठा प्रकल्प त्याच्या हाती आला. सोबत सीबीएस रेडिओ कंपनीतला फ्रँक स्टँटन. हाच स्टँटन पुढे १९४६ मध्ये सीबीएसचा अध्यक्ष झाला.

या दोघांनी मिळून एक यंत्र केलं. त्याचं नाव प्रोग्रॅम अ‍ॅनलायझर. काही लोकांना एका खोलीत बसवायचं, कार्यक्रम ऐकवायचा. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन बटणं. आवडलं तर हिरवं, नाही आवडलं तर लाल. तिकडे सरकत्या कागदावर शाईच्या रेघा उमटत जायच्या. कोणत्या क्षणी कोणाला काय वाटलं, सगळं कागदावर. आणि दोन्हींपैकी एकही बटण दाबलं नाही तर? तर त्या माणसाला काही विशेष वाटलं नाही, असं धरायचं.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

याच प्रकल्पात १९३८ साली संगीताचा विभाग सांभाळायला आला थिओडोर अडोर्नो. तोही जर्मनीतून परागंदा झालेला, स्वतः संगीत रचणारा, तत्त्वज्ञ माणूस. प्रकल्पाची कचेरी न्यूअर्क शहरात दारू गाळायच्या एका जुन्या बंद कारखान्यात होती. तिथे पोचल्यावर ते बटणांचं यंत्र बघून त्याला काही सुचेना. संस्कृती मोजा असं आपल्याला सांगितलं गेलं, पण मोजू पाहणाऱ्या मनाला जी हाती लागत नाही तीच तर संस्कृती, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहून ठेवलंय. त्याचा मुद्दा नुसत्या नाकं मुरडण्याचा नव्हता. तो म्हणत होता, श्रोत्याला जे आवडतं ते आलं कुठून? जे रोज कानावर घातलं तेच आवडायला लागतं. मग त्यालाच 'तुला काय आवडतं' विचारून काय हाती येणार? आपलाच आवाज विहिरीतून परत ऐकायचा.

लाझार्सफेल्डला त्याची किंमत कळत होती, पण दोघांचं जमलं नाही. १९४० पर्यंत संगीत-विभागाचे पैसे बंद झाले.

मात्र यंत्रातली एक उणीव लाझार्सफेल्डलाही जाणवत होती. लाल बटण दाबलं हे कळतं, का दाबलं ते नाही. १९४१ च्या नोव्हेंबरात त्याने समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनला सपत्नीक जेवायला बोलावलं आणि दारातच सांगितलं, आत येऊ नका, आपल्याला स्टुडिओत जायचंय. बिचाऱ्या बायकांना मागे ठेवून दोघं बटणांचा प्रयोग बघायला गेले. कार्यक्रम संपल्यावर एक जण लोकांना कारणं विचारत होता. मर्टनला ते पटेना. हा तर उत्तर त्यांच्या तोंडात घालतोय! लाझार्सफेल्ड म्हणाला, मग तूच विचार. मर्टनने पुढच्या गटाला विचारलं, आणि अमुक ठिकाणी तुमच्या मनात काय आलं असं मोकळं विचारत जायची रीत त्यातून घडत गेली. १९४६ मध्ये त्यावर त्याचा आणि पॅट्रिशिया केंडॉलचा लेख आला. आजच्या फोकस ग्रुपचं हे एक मूळ. मर्टनने म्हातारपणी असंही सांगितलं की अशा गप्पांतून कल्पना मिळतात, पुरावा मिळत नाही. दहा जण जे बोलले ते हजारांना लागू आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

आता थेट चाळीस वर्षं पुढे जाऊ, कारण सईचा विषय म्युझिक व्हिडिओ.

सत्तरच्या दशकात अमेरिकन रेडिओ स्टेशनं लोकांना फोन करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवत आणि आवडलं का, कंटाळा आला का, असं विचारत. १९७७ च्या डिसेंबरात कोलंबस शहरात वॉर्नर कंपनीने क्यूब नावाची केबल सुरू केली, तिच्या प्रेक्षकांच्या हाती मत द्यायची पाच बटणं होती. न्यूअर्कचं यंत्र घराघरात पोचलं म्हणा ना. त्याच कंपनीने अमेरिकन एक्सप्रेसबरोबर भागीदारी केली आणि त्यातून १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. कार्यक्रमांची सूत्रं बॉब पिटमनच्या हाती, तो याच रेडिओच्या मुशीतून आलेला. प्रेक्षक कोण ते आधीच ठरलं होतं. वय १२ ते ३४, आवड रॉक संगीताची. त्या काळी केबल पोचली होती मुख्यतः उपनगरांत आणि लहान गावांत. मोठ्या शहरांच्या जुन्या वस्त्यांत, जिथे कृष्णवर्णीय लोक जास्त राहत, तिथे ती फारशी नव्हती. खुद्द न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एमटीव्ही दिसत नसल्याने पहिल्या रात्री कंपनीच्याच लोकांना नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊन ते बघावं लागलं.

बघा कसं होतं ते. ज्यांच्या घरी केबल, तो प्रेक्षक. त्याला विचारलं तर तो रॉक सांगणार. मग रॉकच दाखवायचं. आणि बहुतेक रॉक गायक गोरे. यात कुणी उघडपणे म्हणालं नाही की काळ्यांना नको. नुसते रकाने पाडले आणि काम झालं.

रिक जेम्सचं सुपर फ्रीक नाकारलं गेलं. त्याने जाहीर तक्रार केली. १९८३ च्या सुरुवातीला डेव्हिड बोवीने मुलाखत देता देता मुलाखत घेणाऱ्यालाच, मार्क गुडमनला, विचारलं की तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का? गुडमनच्या उत्तराचा रोख असा की आम्हाला न्यूयॉर्कपुरता विचार करून चालत नाही, मध्य अमेरिकेतल्या एखाद्या गावचे लोक प्रिन्सला बघून घाबरतील. त्या गावच्या लोकांना प्रिन्स दाखवून कुणी विचारलं होतं का? अडोर्नोची विहीर ती हीच.

त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचं बिली जीन आलं. ५ मार्चला ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं आणि सात आठवडे तिथेच राहिलं. मार्चमध्ये एमटीव्हीने व्हिडिओ दाखवायला घेतला. त्याची रेकॉर्ड कंपनी सीबीएस. तिने आमचे सगळेच व्हिडिओ काढून घेऊ अशी धमकी दिली, असं सांगतात. एमटीव्हीच्या लोकांनी ते नाकारलंय. काही असो, गोऱ्या उपनगरांतली पोरं काही घाबरली नाहीत. ती आरशासमोर नाचायला लागली. १९८८ मध्ये यो! एमटीव्ही रॅप्स सुरू झालं आणि ते वाहिनीच्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमांपैकी एक ठरलं.

यावरून 'तर मग विचारूच नये' असा अर्थ मात्र काढू नका. न विचारण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. १९५२ साली आपले मराठी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांना काय ऐकवायचं ते सरकारने ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींनी श्रोत्यांकडून पत्रं मागवली आणि पत्रांचा पूर आला. १९५७ मध्ये शेवटी विविध भारती काढावीच लागली. विचारायला तर हवंच. प्रश्न एवढाच की कुणाला.

आता माझं कारण.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कॉलेजच्या सुटीत मी पुण्यात एका मार्केट रिसर्च कंपनीसाठी दारोदार फिरून फॉर्म भरत असे. एका फेरीचा विषय होता टीव्हीवरचे गाण्यांचे कार्यक्रम. सूचना स्पष्ट होती. घरात केबल, गृहिणी, वय २५ ते ४५. एका दुपारी कोथरूडच्या एका फ्लॅटची बेल वाजवली. कामाला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं. हात ओले, आत टीव्हीवर गाणी चालू. मालकीणबाई ऑफिसात. मी का आले ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मला विचारा की ताई. दुपारची गाणी मीच बघते." आणि उभ्या उभ्या त्यांनी कुठलं गाणं किती वाजता लागतं, कुठल्या नटीला नाचता येतं आणि कुठलीला नुसतं उभं करतात, सगळं सांगायला घेतलं.

मी म्हटलं, "नाही हो, घरातल्या बाईंनाच विचारायचंय."

त्या "बरं" म्हणून आत गेल्या. जिन्यात उभं राहून मी फॉर्मवर लिहिलं, 'घर बंद.'

दिवसाला फॉर्म मोजून पैसे मिळायचे, पुढचं दार गाठायचं होतं. तेव्हा काही वाटलंही नाही. त्या पाहणीच्या आकड्यांवरून पुढे कुणीतरी काहीतरी ठरवलंच असेल. त्यात एक उघडं दार बंद म्हणून मोजलेलं होतं, आणि ते मी मोजलं होतं. त्या यंत्रावर कुणी बटण दाबलं नाही की त्याला काही वाटत नाही असं धरायचे ना, इथे तर मी त्या बाईंच्या हातात बटणच दिलं नव्हतं.

हे सगळं सईला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, पण माझा फोकस ग्रुप म्हणजे माझ्या पाच मैत्रिणीच आहेत." मी म्हटलं, असू देत, पण एकदा आजीला दाखव. आवडलं का असं विचारू नकोस. कुठे काय वाटलं ते विचार.

रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर आईला कच्चं चित्रीकरण दाखवलं. आईला इंग्रजी गाणं काही कळलं नाही. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती मुलगी रडत होती का गं? तिचा चेहरा येतो न येतो तोच तुम्ही दुसरीकडे पळता. मला बघायचं होतं."

पाच मैत्रिणींपैकी कुणीच हे बोललं नव्हतं. त्यांना तो वेग आवडला होता, आणि त्याही खऱ्याच आहेत. सईने शॉट लांबवायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तो तिचा व्हिडिओ आहे, तिनेच ठरवावं. रात्री तिचा मेसेज आला, आजीचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहू?

मी तिला सांगितलं, ३५ च्या पुढे अजून दोन-तीन रकाने पाड आणि मगच लिही.

असो. तुमच्यापैकी कुणी असे फॉर्म भरत दारोदार फिरलं असेल, तर तुमचीही 'बंद घरं' जरूर लिहा.