गोव्याच्या आखूड रस्त्यांवरच्या लांब गाड्या

जुनी अमेरिकन मोटार म्हटली की बहुतेकांना हिंदी सिनेमातला खलनायक आठवतो, नाहीतर एखादा संस्थानिक. आम्हा गोंयकारांना मात्र आठवतो तो भाटकाराच्या किंवा खाणमालकाच्या घराचा पोर्च, आणि त्यात खाकी कापडाखाली झाकलेली लांबलचक गाडी. या गाडीला आमच्या इतिहासात एक जागा आहे. ती कुणी नीट सांगितलेली नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी भारताकडे पाहू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डही मुंबईतच होती. पुढे भारतीय उद्योजक उतरले. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने १९४२ साली सौराष्ट्रातल्या ओखा बंदरात सुरुवात केली, स्टुडबेकर गाड्या जुळवल्या, आणि १९४८ साली बस्तान बंगालमधल्या उत्तरपाड्याला हलवले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर काढल्या. म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास 'मोटार' म्हणजे बव्हंशी अमेरिकन किंवा इंग्लिश मोटार.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले, की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नाहीत, नुसते नटबोल्ट आवळायचे आहेत, त्यांनी जावे. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. तयार गाडी बाहेरून आणणे जवळपास बंद झाले. उरला एकच मार्ग, वकिलातींच्या वापरलेल्या गाड्यांचा. त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्यांवर धनिकांच्या उड्या पडत.

नेमके याच वेळी गोव्यात उलटे चित्र होते. १९५५ साली भारताने नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली. पण खाणींचा धंदा तेजीत होता. लोहखनिज आणि मँगनीज मुरगाव बंदरातून जपानला व युरोपला जात होते, आणि तो पैसा परदेशी मालाच्या रूपाने परत येत होता. घड्याळे, रेडिओ, फ्रिज आणि मोटारी. भारतातल्या माणसाला ॲम्बॅसेडर आणि फियाटवर समाधान मानावे लागत असताना पणजी-मडगावला मर्सिडीज, ओपेल, शेव्हरोले अशा गाड्या दिसत होत्या.

आता गंमत पाहा. गाडी घेतली, पण न्यायची कुठे? गोवा उणापुरा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. पत्रादेवीला सरहद्द, पलीकडे जाता येत नाही. आतल्या आत जावे तर नद्या आडव्या. मांडवीवर पूल झाला तो १९७० साली, जुवारीवर १९८३ साली. तोवर पणजीहून म्हापशाला जायचे तर गाडी फेरीबोटीत घालून बेतीला उतरवायची. लग्नाला, जत्रेला, फेस्ताला आणि महिन्यातून दोनदा पणजीला कचेरीच्या कामाला जाणारी गाडी किती धावणार? 'कमी चाललेली, नीट ठेवलेली' असे जे वर्णन आज विक्रेते करतात, ते गोव्याच्या गाडीबाबत खोटे असायची गरज नव्हती. भूगोलानेच ते खरे केले होते.

आणखी एक बारीक गोष्ट. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे नेली, पण गोव्यात ती डावीकडूनच चालू राहिली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता. त्यामुळे मुक्तीनंतर गोव्यातल्या मोटारी भारतीय रस्त्यांवर सहज सामावल्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर सरहद्द उरली नाही आणि या गाड्यांना प्रथमच लांब रस्ता दिसला. काही मुंबईकडे गेल्या त्या परतल्याच नाहीत, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात.

मी नोकरीनिमित्त सुरतेजवळ उधन्यात राहतो. यंत्रमागांचा खडखडाट, खानदेशातून आलेली आपली मराठी माणसे आणि ताप्ती खोऱ्याकडे वळणारा रेल्वेफाटा हे इथले वैशिष्ट्य. इथून सुमारे शंभर किलोमीटरवर वापी, आणि त्याला लागून दमण. दमणही आपल्यासारखेच पोर्तुगीजांकडे होते आणि १९८७ पर्यंत 'गोवा, दमण व दीव' हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्या काळी मोटारींचे नंबर 'जीडी' अक्षरांनी सुरू होत. म्हणून या बाजूला एखादी जीडी नंबरची जुनी गाडी विकायला आहे असे कळले, की ओळखीचे लोक मला विचारतात, 'काका, तुमच्याकडची दिसते, घेऊ का?'

माझे उत्तर लांब असते. पहिले म्हणजे मीटरवर विसंबू नये. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचे मीटर मैलांत असते आणि आकडे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. तेव्हा २३,००० हा आकडा १,२३,००० सुद्धा असू शकतो. खरे काय ते ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, ड्रायव्हरच्या बाजूची गादी, स्टीअरिंगची झीज आणि दाराच्या बिजागऱ्या सांगतात. दार उघडताच खाली ओघळत असेल तर ते हजारदा नव्हे, लाखदा उघडलेले आहे.

दुसरे म्हणजे इंजिन. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि या अवाढव्य गाड्यांची पोटे भरेनात. कित्येकांची मूळ इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. मुंबई-पुणे टॅक्सी म्हणून धावलेल्या डॉज-प्लिमथ अनेकांनी पाहिल्या असतील. चेसिस आणि इंजिनाचे नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळवून पाहावेत.

तिसरे म्हणजे पाणी. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी नव्हे. उभ्या गाडीची रबरे सुकतात, ब्रेक धरतात, टाकीत गंज बसतो. गोव्याची आणि दमणची खारी हवा पत्रा आतून खाते, वरचा रंग मात्र चकाकत असतो. शिवाय सुरतेत ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा महापूर आला होता. गाडी तेव्हा शहरात असेल तर गाद्यांखालचा पत्रा आणि दारांच्या आतली गाळाची रेघ जरूर तपासावी.

भाग मिळण्याचे म्हणाल, तर पॅकार्डच्या गाड्या १९५८ साली बंद झाल्या, स्टुडबेकर १९६६ साली, प्लिमथ २००१ साली. त्यामुळे अर्धे भाग परदेशातून मागवायचे, अर्धे लेथवर बनवून घ्यायचे. गाडीच्या किमतीइतकाच खर्च पुढे होतो, हे धरूनच उतरावे.

आता मुख्य मुद्दा. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पण आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. ही सवलत कागदावर लहान दिसते, आमच्या दृष्टीने फार मोठी आहे.

कारण 'जीडी' ही दोन अक्षरे म्हणजे एका संपलेल्या प्रदेशाची खूण आहे. पोर्तुगीज काळातले घर पाडले तर चार लोक निदान हळहळतात, वर्तमानपत्रात पत्र येते. गाडी मात्र रात्रीत ट्रकवर चढून जाते. नवा मालक तिचा रंग बदलतो, इंजिन बदलतो, आणि ती कुणाची, कुठून आली, कोणत्या बंदरात उतरली हे कुणाला सांगता येत नाही. तिच्याबरोबरच नाकेबंदीच्या काळातला पैसा, तो कुणाकडे होता आणि कुणाकडे नव्हता, याचाही एक पुरावा जातो. खाणीत राबणाऱ्या कामगाराच्या वाट्याला कारेरच होती, हे विसरून कसे चालेल?

म्हणून घेणाऱ्याला माझे एवढेच सांगणे. जुने नोंदणी पुस्तक, पोर्तुगीजमधल्या पावत्या, आयातीचे कागद, मालकाच्या घरातले एखादे छायाचित्र, जे मिळेल ते गाडीबरोबर मागून घ्या. भाषा कळली नाही तरी टाकू नका. आणि विकणाऱ्या आपल्या गोंयकारांना विनंती, की गाडी ठेवणे परवडत नसेल तर जरूर विका, पण तिची हकिकत दोन पानांवर लिहून घेणाऱ्याच्या हाती द्या. जीडी नंबर काय म्हणतो हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.