मानदुखीमागची झीज कशी ओळखली गेली

वयोमानाने होणारी मानेच्या मणक्यांची झीज ही वेगळी व्याधी आहे, हे वैद्यकाला उशिराच उमगले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर मणक्यांच्या कडेने वाढलेले हाड दिसू लागले. मधली गादी मात्र त्या चित्रात उमटत नाही. न्यूयॉर्कच्या बायरन स्टूकी यांनी १९२८ मध्ये मज्जारज्जू दाबणाऱ्या कूर्चेच्या गाठींचे वर्णन केले. त्या गाठी नव्हत्याच, सरकलेल्या गाद्या होत्या, हे पुढे कळले.

खरा उलगडा १९५२ मध्ये लंडनला झाला. रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी अचानक सरकलेली गादी आणि वर्षानुवर्षांची झीज यांतला फरक स्पष्ट केला. शीर दाबली गेली तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. मज्जारज्जू दाबला गेला तर दुखतेच असे नाही. सदऱ्याची बटणे लागेनाशी होतात, अक्षर बिघडते, पाय ताठरतात. हेच रूप अधिक घातक, कारण दुखत नाही म्हणून रुग्ण उशिरा येतो.

तोवर शस्त्रक्रिया मानेच्या मागून होई. १९५५ मध्ये रॉबिन्सन व स्मिथ यांनी आणि १९५८ मध्ये क्लोवर्ड यांनी पुढून गादी काढून मणके सांधण्याच्या पद्धती मांडल्या. त्या आजही वापरात आहेत.