ठासणीची कुळकथा

ठासणीच्या हत्याराला प्रत्येक बारासाठी चार गोष्टी ठरल्या क्रमाने द्याव्या लागतात: नळीच्या तळाशी मापाची दारू, तिच्यावर डाट (दाबून बसवायचा बोळा), मग गोळी आणि सगळ्यात शेवटी कान्यापाशी, म्हणजे नळीच्या बुडाच्या छिद्रापाशी, रंजक (पेटवणीची दारू) किंवा तांब्याची टोपी. क्रम चुकून गोळी आधी गेली, तर बार उडतच नाही. माप चुकले तर एक गोळी निशाण्याच्या वर जाते आणि दुसरी खाली. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटण्याची भीती. तोड्याच्या बंदुकीपासून कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरपर्यंत आणि म्हैसूरच्या दसऱ्यात आजही उडणाऱ्या कुशाल तोफांपर्यंत ही कामे तीच आहेत. त्यांतले कोणते काम ऐन वेळी करायचे आणि कोणते आधीच उरकून ठेवायचे, याची वाटणी मात्र पिढ्यानपिढ्या बदलत गेली. भरणीचा वेग वाढला तो मुख्यतः या वाटणीमुळे.

तोड्याच्या बंदुकीचा शिपाई शिंगड्यातली दारू अंदाजाने नळीत ओतत असे. त्याच्या दुसऱ्या हाताशी जळती जामगी, म्हणजे बार पेटवायची दोरी, असे. उघडे शिंगडे आणि विस्तव एकाच माणसाच्या अंगावर बाळगणे किती धोक्याचे, हे अपघातांनीच शिकवले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या शिपायांनी त्यावर उपाय म्हणून छातीवरच्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकवली. एका नळकांड्यात एका बाराची दारू. अशी साधारण बारा असत. माप छावणीत, निवांतपणे, कोरड्या जागी व्हायचे. रणात नळकांडे फक्त उपडे करायचे. या कुळकथेतली सर्वांत मोठी सुधारणा हीच. पुढच्या चारशे वर्षांत मापाचे भांडे बदलले, तत्त्व बदलले नाही.

लाकडी नळकांड्याची जागा कागदी काडतुसाने घेतली. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याच्या सैन्यात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा वापर रुळला. एकाच पुडीत दारू आणि गोळी. शिपायाने पुडी दातांनी फाडायची, चिमूटभर दारू रंजकाच्या पेल्यात टाकायची, उरलेली नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट गजाने ठासायची. कागदच डाट होई. अठराव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या फौजेत लाकडी गजाऐवजी लोखंडी गज आला आणि घाईत गज मोडण्याची चिंता मिटली. गोळीही मुद्दाम नळीपेक्षा बारीक ओतत, कारण काही बारांनंतर नळीत काजळी साचते आणि नेमक्या मापाची गोळी अडकते. नेम ढिला झाला तरी चालेल, पण भरणी थांबता कामा नये, असा तो हिशेब होता. या सगळ्याच्या जोरावर तयार शिपाई चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीने मिनिटाला तीन बार काढू लागला.

हीच कवायती पद्धत अठराव्या शतकात दक्षिणेत आली. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पायदळे याच शिस्तीची होती. पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली बंदुका तयार होऊ लागल्या. पण हिंदुस्थानी दरबारांपैकी या विद्येचा सर्वांत पद्धतशीर पाठपुरावा म्हैसूरने केला, असे म्हणायला जागा आहे. हैदरअली आणि टिपू यांनी फ्रेंच अधिकारी व कारागीर ठेवले. आपल्या वकिलातीमार्फत टिपूने १७८८ साली फ्रान्सच्या सोळाव्या लुईकडे आणखी कारागीर मागितले. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत तयार झालेल्या चकमकीच्या बंदुकांवर वाघाची मुद्रा असे आणि टिपूने सुरू केलेल्या मौलूदी सनाचे वर्ष कोरलेले असे. झैनुल आबिदीन शुस्तरी याने लिहिलेल्या ‘फत्हुल मुजाहिदीन’ या फारसी कवायतग्रंथात परकी भाषांतले हुकूम काढून फारसी हुकूम घातले होते. भरणीची प्रत्येक हालचाल एका हुकमाला बांधलेली असल्यामुळे शिपायाला हुकूम क्षणात कळणे हा भाषेच्या अभिमानाइतकाच उपयोगाचाही भाग होता.

आधी मापून ठेवलेली दारू साठवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. दारू ओल धरते आणि श्रीरंगपट्टण तर कावेरीतले बेट. टिपूने तिथे जमिनीत अर्धी गाडलेली, जाड भिंतींची, वीट आणि चुन्याच्या कामाची दारूची कोठारे बांधली. त्यांपैकी एक बंगळूर-म्हैसूर लोहमार्गाच्या दुहेरीकरणाच्या वाटेत येत होते. २०१७ साली ते न मोडता, अखंड उचलून सुमारे १३० मीटर अंतरावर हलवण्यात आले. दारूच्या कोठारासाठी इतका खटाटोप झाला ही समाधानाची गोष्ट आहे, कारण तोफा आणि तलवारी संग्रहालयांत पोचतात, कोठारे सहसा पाडली जातात.

साठ्याचा धोकाही म्हैसूरच्याच इतिहासात ठळक दिसतो. १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर-टिपूविरुद्धच्या पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचे दारूगोळ्याचे गाडे पेटून उडाले आणि तुकडीचा प्रतिकार कोसळला. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतल्या भित्तिचित्रात तो भडका रंगवलेला आहे. माप आधी केल्याने शिपायाचा वेळ वाचला, पण शेकडो बारांची दारू एका जागी आली. जे शिंगड्याच्या काळात एका माणसावर बेतायचे, ते आता पलटणीवर बेतू लागले.

भरणीचा वेळ वाचवण्याची दुसरी वाट म्हणजे एकदा भरून अनेक बार काढणे. टिपूच्या खासगी शस्त्रागारातली चांदीच्या कामाची एक चकमकीची बंदूक २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात आली होती. तिच्या एकाच नळीत एकामागे एक असे दोन बार भरता येत. पुढचा आधी उडवायचा, मग मागचा. मधली गोळी आणि डाट घट्ट बसले नसतील, तर पुढच्या बाराची आग मागच्या दारूपर्यंत पोचून दोन्ही एकदम उडण्याची भीती. म्हणून ही युक्ती राजांच्या शिकारीच्या हौसेपलीकडे फारशी गेली नाही.

फिरत्या खान्यांची वाट जास्त टिकली. हाताने फिरवायच्या खान्यांच्या तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानात जुन्या काळापासून बनत. १८५१ साली सॅम्युअल कोल्टने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे आपल्या रिव्हॉल्व्हरवर निबंध वाचला, तेव्हा पूर्वसुरी म्हणून असे हिंदुस्थानी नमुनेही त्याने जमेस धरले होते. त्याआधी, १८१८ मध्ये, एलिशा कोलियरने लंडनमध्ये चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले आणि त्याची हत्यारे हिंदुस्थानातही आली. कोल्ट स्वतः १८३० मध्ये ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीला निघाला होता. तिथे त्याने कोलियरचे हत्यार पाहिले असावे, असे काही चरित्रकार मानतात. कल्पना जहाजाच्या चाकावरून सुचली, ही कथा मात्र अधिक प्रसिद्ध झाली.

कोल्टचे यंत्र यशस्वी झाले ते तांब्याच्या टोपीमुळे. स्कॉटलंडचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. पुढच्या दीड-दोन दशकांत तो मसाला लहानशा तांब्याच्या टोपीत बसला. रंजकाचा उघडा पेला गेला, पावसाची आणि वाऱ्याची भीती गेली, आणि प्रत्येक खान्याला स्वतःची टोपी देता आली. कोल्टचे अमेरिकन पेटंट १८३६ चे. सुरुवातीच्या पॅटरसन नमुन्यात भरणीसाठी हत्यार सुटे करावे लागे. १८३९ पासून नळीखाली दांडा बसवला गेला आणि सिलिंडर जागच्या जागी भरता येऊ लागले.

हा दांडा म्हणजे ठासणीच्या गजाचाच वंशज. घोडा अर्धवट मागे ओढला की सिलिंडर मोकळे फिरते. प्रत्येक खान्यात मापाची दारू, वर चरबी लावलेला नमद्याचा डाट, त्यावर शिशाची गोळी. सैन्याच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बारीक होती. इथे उलट, ती खान्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असते. दांड्याने आत दाबताना शिशाची बारीक कडी कातरून निघते. ती पूर्ण गोल निघाली म्हणजे खाना सगळीकडून बंद झाला, ही कारागिराची आणि नेमबाजाची खूण. खाना नीट बंद नसेल किंवा टोपी सैल असेल, तर एका बाराची ठिणगी शेजारच्या खान्यांत शिरून अनेक बार एकदम उडू शकतात. टोप्या सर्वांत शेवटी, नळी निशाण्याच्या दिशेला धरून बसवतात. पूर्वीचे बरेच वापरणारे सहापैकी एक खाना रिकामा ठेवून घोडा त्यावर टेकवत. ओल्ड वेस्टच्या धर्तीवरच्या आजच्या स्पर्धांत तो नियमच आहे.

रिव्हॉल्व्हरसाठीही कागदी काडतूस निघाले. त्याचा पातळ कागद सोऱ्यात भिजवलेला असे, म्हणून तो फाडावा लागत नसे, दारूबरोबर जळून जाई. बंदुकीच्या काडतुसाला मात्र अजून दातच लागत होते. १८५७ मध्ये एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून बराकपूर आणि मेरठच्या छावण्या पेटल्या. काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडावे, असा बदल कवायतीत तोवर केला गेला होता, पण संशय त्याने शमला नाही. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत धातूचे काडतूस आले. माप, डाट, गोळी आणि टोपी ही चारही कामे कारखान्यातच उरकू लागली आणि सैन्यांतून ठासणी संपली.

स्पर्धेत ती उरली. ठासणीच्या नेमबाजांची आंतरराष्ट्रीय समिती, एमएलएआयसी, १९७१ मध्ये स्थापन झाली. तिच्या कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेला लिएजच्या मारिएट या बंदूककाराचे नाव आहे. अंतर २५ मीटर, ३० मिनिटांत १३ बार, त्यांतले उत्तम १० मोजायचे. म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ; कवायती शिपायाला वीस सेकंद मिळत. इथे चपळाई फारशी कामाची नाही, प्रत्येक बार आधीच्यासारखा हुबेहूब भरला जाणे महत्त्वाचे. नियमानुसार मैदानावर दारूचे शिंगडे उघडून ओतता येत नाही. प्रत्येक बाराची दारू आपापल्या वेगळ्या कुपीत घरून मापून आणावी लागते. सतराव्या शतकातले लाकडी नळकांडे प्लास्टिकचे होऊन परत आले, इतकेच. स्पर्धेसाठी दारू कमी घेतात, त्यामुळे गोळी खान्यात खोल जाऊन बसते आणि नळीपर्यंत येताना नेम ढळतो. तो टाळायला दारू आणि गोळी यांच्यामध्ये रवा भरतात, तोच शिऱ्याचा रवा. गोळी खान्याच्या तोंडाशी येते आणि पोकळीही राहत नाही. शिस्तीचा नेमबाज कुप्या, डाट, गोळ्या आणि टोप्या वापरण्याच्या क्रमानेच समोर मांडतो. एका खान्यात दारू घालायची राहिली किंवा दोनदा पडली, हे मांडणीकडे पाहूनच कळावे, यासाठी ही दक्षता.

आपल्याकडे ठासणीची बंदूक शेताच्या राखणीला राहिली. कोकणात रानडुक्कर आणि माकडे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी परवान्याच्या एकनळी ठासणीच्या बंदुका आजही घरोघरच्या आठवणीत आणि काही घरांत आहेत. म्हैसूरला लागून असलेल्या कोडगूत तर बंदूक कुळधर्माचा भाग आहे. १८६१ मध्ये म्हैसूरचे कमिशनर मार्क कबन यांनी तिथल्या कोडव समाजाला शस्त्रबंदीतून सूट दिली. स्वतंत्र भारताच्या शस्त्र कायद्यातही कोडव आणि जम्मा म्हणजे वंशपरंपरेच्या जमिनीचे धारक यांची सूट कायम राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या कैलपोद सणाला बंदुकांची पूजा होते आणि उंचावरच्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. आता तिथल्या बंदुका बहुतांशी काडतुसाच्या आहेत.

ठासणीची जुनी कवायत पूर्ण क्रमानिशी पाहायची, तर म्हैसूरच्या दसऱ्याला जावे लागते. वोडेयरांनी श्रीरंगपट्टणला सुरू केलेला हा उत्सव १७९९ नंतर राजधानीबरोबर म्हैसूरला आला. विजयादशमीला सोन्याच्या अंबारीतल्या चामुंडेश्वरीला पुष्पांजली वाहिली जाते, राष्ट्रगीत सुरू होते आणि त्याच वेळी संस्थानकाळच्या कुशाल तोफा २१ बारांची सलामी देतात. तोफा सात, म्हणजे प्रत्येकीचे तीन बार, आणि हाताशी वेळ सुमारे एका मिनिटाचा. हे काम शहर सशस्त्र राखीव पोलिसांच्या तुकडीकडे असते. सलामीत गोळा नसतो, दारूची पिशवी आणि ठासणी मात्र खरी असते. एक बार उडाला की ओल्या बोळ्याच्या दांड्याने नळी पुसायची, कारण जळक्या कापडाचा एक निखारा आत राहिला तरी पुढची पिशवी ठासणाऱ्याच्या हाताखालीच पेटेल. मग आधी मापून शिवलेली पिशवी आत, दांड्याने ठासणी, कान्यातून पिशवीला छेद, रंजक, आणि सगळे बाजूला झाल्यावर बत्ती. घाई कितीही असली तरी पुसण्याचे काम गाळता येत नाही. म्हणून दसऱ्याआधी कित्येक दिवस दारूशिवाय कोरडी तालीम चालते. शेवटी हत्ती आणि घोडे शेजारी उभे करून खऱ्या बारांची तालीम घेतात. जनावरांना आवाजाची सवय व्हावी हा त्यामागचा एक हेतू. पुसणारा, ठासणारा आणि बत्ती देणारा यांनी एकमेकांकडे न पाहता क्रम पाळावा, हा दुसरा.